वाचकांचे प्रश्न : ४८ तासांत सस्पेन्स शॉर्टफिल्म

शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी उचलायची आणि रविवारी संध्याकाळी तयार फिल्म जमा करायची, अशा स्पर्धांबद्दल या वेळी बरीच विचारणा झाली. २००१ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेल्या ‘फॉर्टीएट अवर फिल्म प्रोजेक्ट’चा साचा असा: फिल्मचा प्रकार चिठ्ठीवर ठरतो, एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद सगळ्या टीमना सारखाच मिळतो, फिल्म चार ते सात मिनिटांची हवी. बाकी स्पर्धांचे नियम थोडेफार वेगळे असतात. चिठ्ठीत सस्पेन्स निघालाच तर काय करायचं, याभोवतीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

आम्ही पाच जण आहोत. शुक्रवारी सातला विषय मिळेल, रविवारी सातला फिल्म द्यायची. वेळ कसा वाटून घ्यावा? (मुलुंड)

शेवटाकडून मागे मोजत या. रविवारी पाचला अपलोड संपलेलं हवं, म्हणजे साडेतीनला एक्सपोर्ट. त्याआधी आवाज आणि रंग यांना मिळून चार तास. म्हणजे रविवारी साडेअकराला कट पक्का, त्यानंतर एकही शॉट हलवायचा नाही. शूट शनिवारी सकाळी सात ते संध्याकाळी पाच. स्क्रिप्ट शुक्रवारी रात्री बाराला बंद. अर्धवट वाटली तरी बंद, कारण रात्री तीनपर्यंत लिहीत बसलेली टीम सकाळी नऊशिवाय कॅमेरा लावत नाही आणि ते दोन तास पुन्हा कुठेच भरून निघत नाहीत.

दहा तासांत वीस ते पंचवीस शॉट नीट होतात. चाळीस शॉटची यादी केलीत तर शेवटचे पंधरा घाईत उरकाल, आणि सस्पेन्समध्ये नेमके तेच महत्त्वाचे असतात. म्हणून शेवटचा सीन सकाळीच घ्या. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब इथे फसतो. थांबणं, ऐकणं, दाराकडे जाणं कागदावर एका ओळीत मावतं आणि पडद्यावर वीस सेकंद खातं. पाच मिनिटांच्या फिल्मला साडेतीन पानं पुरतात.

पाचांपैकी एकाला शूटला नेऊच नका. तो एडिटर. त्यानं शुक्रवारी रात्री झोपायचं, शनिवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पहिलं मेमरी कार्ड त्याच्या हाती पडायला हवं. संध्याकाळी चारपर्यंत त्याचा फोन आला की ‘अमुक शॉट जुळत नाही’, तर तो परत घेता येतो. रात्री अकराला कळून उपयोग नाही.

शेवटी मोठा धक्का ठेवतो, तरी बघणारे म्हणतात थरार वाटला नाही. कुठे चुकतं? (कॉलेज विद्यार्थिनी, परळ)

धक्का एका सेकंदाचा असतो, आणि त्याआधीची चार मिनिटं प्रेक्षकाला काहीच माहीत नसतं. मग तो कशाची वाट बघणार? सस्पेन्ससाठी प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त कळलेलं असावं लागतं. धोका पहिल्या मिनिटात दाखवा आणि पात्राला त्यापासून अनभिज्ञ ठेवा.

एक उदाहरण घेऊ, एका खोलीत आणि स्वयंपाकघरात होणारं. पावसाळी संध्याकाळ, खिडक्या बंद. मुलीला जबर सर्दी, कानात हेडफोन. तिनं दूध गॅसवर ठेवलंय. दूध उतू जातं, ज्योत विझते, बटण मात्र चालूच. हे फक्त आपण पाहतो. आता खोलीत हळूहळू अंधारतंय आणि ती अभ्यासाच्या वहीवर जास्त जास्त वाकतेय. केव्हातरी ती उठून दिव्याचं बटण दाबणार. एवढं कळलं की तिचं साधं डोकं वर करणंही प्रेक्षकाच्या अंगावर येतं. हात बटणापर्यंत जातो, फोन वाजतो, ती परत बसते. दोनदा पुरे, तिसऱ्यांदा प्रेक्षक चिडतो.

इथे सर्दी सर्वात महत्त्वाची आहे. एलपीजीला मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, त्यामुळे ‘तिला वास कसा आला नाही?’ हा प्रश्न परीक्षकाच्या डोक्यात येणारच. त्याचं उत्तर तो विचारण्याआधी, पहिल्या वीस सेकंदांत नाक शिंकरून देऊन टाका. बंद खिडकीचंही तसंच, बाहेर पाऊस दाखवा. सस्पेन्स कोसळतो तो बहुतेक वेळा अशा न बुजवलेल्या भोकांमुळे.

गॅस प्रत्यक्षात अजिबात सोडायचा नाही. ज्योत विझण्याचा शॉट जवळून घ्या; बटण फ्रेमबाहेर ठेवून कुणीतरी ते बंद करतं. बर्नर गार झाला की त्यावर चमच्यानं दूध ओता. ‘बटण चालूच आहे’ हा शॉट सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवल्यावरच घ्यायचा. गॅसची फुसफुस नंतर घालायची: सायकलच्या ट्यूबमधली हवा हळू सोडून माइकपासून हातभर अंतरावर रेकॉर्ड केली तर चांगली जमते.

मुंबईत सूर्यास्तानंतरचा कामाचा उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. तेवढ्यात फक्त अख्ख्या खोलीचा एक वाइड शॉट घ्या. जवळचे शॉट दुपारी, खिडकीवर आधी एक चादर, मग दोन, असं करत घ्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातनंतर. शूटची वेळ त्यावरून ठरवा.

स्पर्धेनं दिलेली वस्तू कोपऱ्यात ठेवून मोकळे होऊ नका. छत्री मिळाली तर तिच्यामुळेच काहीतरी घडलं पाहिजे: दाराआड टेकवलेली छत्री घसरते आणि दार अडतं. दिलेला संवाद शब्दशः घ्या, एक शब्द बदलला तरी फिल्म बाद होऊ शकते.

मोबाइलवर रात्रीचा सीन दाणेदार येतो आणि ट्यूबलाइटमध्ये पट्टे सरकताना दिसतात. (चेंबूर)

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एक फ्रेम टिपण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातात. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हातात येत नसेल तर ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत अ‍ॅप वापरा. काही स्वस्त एलईडी बल्ब तरीही लुकलुकतात. शुक्रवारीच दहा सेकंद शूट करून बघा आणि बल्ब बदला.

दाणे येतात ते अंधारात फोन आयएसओ (उजेडाला दाद देण्याची कॅमेऱ्याची क्षमता) आपोआप वाढवतो म्हणून. ८००च्या वर जाऊ देऊ नका. अंधार दाखवायचा म्हणजे दिवे बंद करायचे नाहीत, एकच दिवा फ्रेममध्ये ठेवायचा आणि बाकी काळं पडू द्यायचं. टेबललॅम्प, देवघरातला दिवा, फ्रिजचं उघडं दार, यांतलं काहीही चालतं. चेहऱ्याची दुसरी बाजू अगदीच बुडाली तर फ्रेमबाहेर पांढरा थर्माकोल धरा. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. नाहीतर पात्र दिव्याजवळून जाताना चित्र आपोआप उजळतं-मावळतं, आणि एडिटमध्ये ते दुरुस्त होत नाही.

घराजवळ फ्लायओव्हर. संवादापेक्षा रस्ताच जास्त ऐकू येतो. (सायन)

कॅमेऱ्यापेक्षा आम्ही आवाजाला जास्त मानतो. दाणेदार चित्र प्रेक्षक सस्पेन्समध्ये सहज खपवून घेतो, न कळणारा संवाद नाही.

पहिला उपाय कागदावर: संवाद कमी करा. पाच मिनिटांत बारा-पंधरा वाक्यं भरपूर झाली, आणि ती सकाळी सात ते नऊ या वेळात उरका. खिडकीवर आणि माइकसमोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. पंखा, एसी, फ्रिज बंद. गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. सोसायटीचा पंप किती वाजता सुरू होतो, ते वॉचमनला आदल्या रात्रीच विचारा.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कपड्याच्या आत, मेडिकल टेपनं चिकटवा. कडक इस्त्रीचा कुर्ता किंवा नायलॉन घासून खरखर करतात. मऊ सुती कपडे द्या. रेकॉर्डिंगची पातळी मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलवर राहू द्या, किंचाळीसाठी वेगळा टेक कमी पातळीवर. प्रत्येक सीन संपला की सगळ्यांना स्तब्ध उभं करून त्या खोलीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. कटांच्या मधल्या फटी त्यानंच बुजतात. शिवाय तिथल्या तिथे, कॅमेरा बंद ठेवून, नटांकडून सगळी वाक्यं माइक तोंडाजवळ धरून पुन्हा म्हणवून घ्या. रविवारी हा ट्रॅक जीव वाचवतो, कारण तेव्हा डबिंगला कुणी सापडत नाही.

शेजारच्या टीव्हीवरचं किंवा मंडळाच्या लाउडस्पीकरवरचं गाणं मागे आलं, तर तो हक्कांचा प्रश्न होतो आणि फिल्म बाद होऊ शकते. गाणं सुरू असेल तर टेक थांबवा. संगीत वापराल त्याचा परवाना लेखी हवा.

लोकलमध्ये किंवा स्टेशनवर एक सीन घेता येईल का? (गोरेगाव)

नाही. रेल्वेची परवानगी आधी घ्यावी लागते आणि ती ४८ तासांत बसत नाही. लोकलचा आवाज स्वतःच्या खिडकीतून रेकॉर्ड करा, काचेवर सरकता उजेड पाडा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. इमारतीत शूट असेल तर सेक्रेटरीकडून सही-तारखेची चिठ्ठी घ्या आणि त्या मजल्यावरच्या घरांना सांगून ठेवा. खोटं पिस्तूल किंवा सुरा जिन्यात, गच्चीवर, रस्त्यावर काढू नका, लोक पोलिसांना बोलावतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

मागच्या वर्षी फिल्म तयार होती, पण अपलोड वेळेत झालं नाही. (दहिसर)

आकडे आधीच मांडा. सहा मिनिटांची फिल्म, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १०८०पी, सेकंदाला १६ मेगाबिट दर, म्हणजे सुमारे ७२० एमबी. अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर वीस मिनिटं, १ मेगाबिट असेल तर दीड तासाहून जास्त. डाउनलोडचा वेग बघून निर्धास्त होऊ नका, अपलोडचा स्वतंत्र मोजा, तोही रविवारी संध्याकाळच्या वेळी. दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा.

फोनचं फुटेज बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटचं असतं, त्यामुळे मिनिटाभरानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. एडिट सुरू करण्याआधी ते स्थिर २५ फ्रेममध्ये बदलून घ्या. एक्सपोर्ट झालेली फाइलच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर; गॅसची ती फुसफुस फोनवर ऐकूच येत नसेल तर पातळी वाढवा. नटांची आणि जागामालकाची संमतिपत्रं शनिवारी चहाच्या वेळीच सही करून घ्या, कारण फिल्म पोचूनही कागदांवाचून अडते. मूळ कार्डं निकाल लागेपर्यंत पुसू नका. निवड झाली तर आयोजक मोठ्या दर्जाची फाइल मागू शकतात.