बॅटरीचा टक्का वाचणं सोपंय, तो किती वाजताचा ते आधी साठवा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि थोडं पोटातही गोळा आला. द्राक्षाच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांसाठी अँड्रॉइड ॲप, पिंपळगावच्या पॅकहाऊसपासून (माल भरायची जागा) न्हावा शेव्याच्या बंदरापर्यंत, आणि त्यातून ड्रायव्हरच्या मोबाइलच्या बॅटरीचा टक्का वाचायचा. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदणीच्या फाइलमध्ये, बॅटरीचे निरोप ऐकणारा रिसीव्हर टाकलाय पण तो जागाच होत नाही, काही हँडसेटवर रात्रभर ७१ टक्केच दिसतात, आणि ग्राहकाच्या ऑफिसला दर मिनिटाचा आकडा हवाय. मीही नाशिकचाच, आणि जवळजवळ हेच काम याच रस्त्यावर करून बसलोय. तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिल्या प्रश्नावर रात्र घालवू नका. बॅटरीची स्थिती बदलल्याचं ब्रॉडकास्ट, म्हणजे सिस्टीम ॲपना देते तो निरोप, मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरला मिळतच नाही. अँड्रॉइड ८ मध्ये बंद झालं असं कुणी सांगेल, पण तिथे बंद झाली ती बाकीची बरीच. हे आधीपासूनच मिळत नव्हतं. ते स्टिकी आहे, शेवटचा निरोप सिस्टीमकडे पडून असतो. कोडमधून रजिस्टर रिसीव्हर करा, रिसीव्हरच्या जागी नल (रिकामी व्हॅल्यू) द्या, इंटेंट, म्हणजे त्या निरोपाचं पाकीट, तिथल्या तिथे हातात येतो. कान लावून बसायची गरज नाही, लागेल तेव्हा विचारा. नुसता टक्काच हवा असेल तर अँड्रॉइड ५ पासून बॅटरी मॅनेजरकडे कपॅसिटी मागता येते, एका ओळीचं काम. मी इंटेंटच वापरतो, कारण खाली ज्याच्यावरून रडगाणं गाणार आहे ते सगळं त्याच इंटेंटमध्ये असतं.

लेव्हल (आत्ताचा आकडा) भागिले स्केल (कमाल आकडा) करताना दोन्ही पूर्णांक ठेवलेत तर १०० टक्के सोडून सगळीकडे शून्य येईल, हे तुम्हाला माहीत असणारच. पण याचा दुसरा भाऊ जास्त लबाड आहे. दोन्ही व्हॅल्यूंचा डिफॉल्ट आपण सवयीने उणे १ देतो. इंटेंटमध्ये काही आलंच नाही तर उणे १ भागिले उणे १, म्हणजे १, म्हणजे १०० टक्के. माहिती नाही म्हणून फुल्ल बॅटरी! आधी तपासा, उणे दिसलं तर सर्व्हरला नल पाठवा.

आता मूळ दुखणं.

आमच्या ग्राहकाचं नाव घेत नाही. मोठं ऑफिस, एसी कंट्रोल रूम, भिंतीवर स्क्रीन. त्यांना प्रत्येक गाडीपुढे ड्रायव्हरच्या मोबाइलचा टक्का हवा होता, २० च्या खाली गेला की लाल. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी त्या लाल रकान्यावरून ‘मोबाइल चार्ज न ठेवणारे’ अशी यादी काढायला सुरुवात केली आणि ट्रिपच्या हिशेबातून पैसे कापू लागले. आम्हाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. कळलं ते एका ड्रायव्हरकडून. सिन्नरकडचे वयस्कर काका, आडगावच्या ट्रक टर्मिनसवर भेटले, मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या ॲपने माझी खर्ची खाल्ली.”

मे महिन्याची दुपार होती. मोबाइल डॅशबोर्डवर काचेखाली स्टँडला अडकवलेला, केबल लावलेली, मॅप चालू. हातात घेववत नव्हता इतका तापलेला. मी केबल तशीच ठेवून आमची डीबग स्क्रीन उघडली. प्लग्ड: हो. स्टेटस: नॉट चार्जिंग. टेंपरेचर: ४६३. हा आकडा अंशाच्या दहाव्या भागात येतो, म्हणजे ४६.३ अंश. तापलेल्या बॅटरीत करंट घालायचा नाही म्हणून फोननेच चार्जिंग थांबवलं होतं आणि मॅप मात्र बॅटरी खात होता. काका म्हणत होते चार्जर लावलेला होता, ते खरं. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये होतं की फोन चार्जिंगला नव्हता, तेही अक्षरशः खरं. भरडला गेला तो माणूस.

म्हणून, प्लग्ड आणि स्टेटस हे दोन वेगळे रकाने ठेवा, एकावरून दुसरं काढू नका. प्लग्ड सांगतो वायर कसली आहे: ० म्हणजे नाही, १ भिंतीचा चार्जर, २ यूएसबी, ४ वायरलेस. स्टेटस सांगतो बॅटरीत करंट जातोय का. गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त चार्जर आणि जोडीला मॅप असेल तर स्टेटस चार्जिंग म्हणतं आणि टक्का तरी उतरतो, असंही पाहिलंय. नेमकं बघायचं तर बॅटरी मॅनेजरकडे करंट नाऊ आहे, मायक्रोअँपियरमध्ये. नियमाप्रमाणे आत जाणारा करंट धन आणि बाहेर पडणारा ऋण, पण काही कंपन्यांच्या फोनवर चिन्ह उलटं येतं, काहींवर आकडा मिलिअँपियरमध्ये. त्यावर कुणाचे पैसे ठरणार असतील तर तो रकाना दाखवूच नका, असं माझं मत. टेंपरेचर मात्र जरूर पाठवा, उन्हाळ्यात अर्धे वाद तिथेच मिटतात.

तुमचा रात्रभराचा ७१ आता सांगतो. तो बहुतेक बॅटरीचा आकडा नाहीच, ॲप मेलं त्या क्षणाचा आहे. स्क्रीन बंद, फोन चार्जरविना एका जागी पडलेला, की अँड्रॉइड ६ पासूनचा डोझ, म्हणजे बॅटरी वाचवणारी डुलकी, लागतो. नेटवर्क आणि ठरवलेली कामं मधूनमधून मिळणाऱ्या खिडकीपर्यंत थांबतात. अँड्रॉइड ७ पासून फोन खिशात हलत असला तरी डोझची हलकी आवृत्ती लागते. वर काही कंपन्यांची स्वतःची ‘बॅटरी ऑप्टिमायझेशन’ची पुडी असते, ती ॲप सरळ झोपवते. ऑटोस्टार्टची परवानगी, बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड, रिसेंटमध्ये (अलीकडे उघडलेल्या ॲपच्या यादीत) लॉक, हे प्रत्येक कंपनीत वेगळ्या जागी लपलेलं असतं. ड्रायव्हरला हे फोनवरून समजावणं म्हणजे सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर हरवलेली चप्पल शोधणं. आम्ही शेवटी हँडसेटप्रमाणे स्क्रीनशॉटची पानं छापून पॅकहाऊसच्या गेटवर चिकटवली. त्याचा सगळ्या कोडपेक्षा जास्त उपयोग झाला.

पण फोन झोपणारच हे गृहीत धरून चला. प्रत्येक नोंदीबरोबर फोनवर वाचल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ, दोन्ही साठवा. कसारा घाटात रेंज जाते, नोंदी फोनमध्ये साचतात आणि खाली उतरल्यावर एकदम येतात. फक्त पोचल्याची वेळ ठेवलीत तर तासाभराचा उतार एका मिनिटात झाल्यासारखा दिसेल. फक्त फोनची वेळ ठेवलीत तर ज्याचं घड्याळ चुकलंय तो भूतकाळात गाडी चालवेल. आणि स्क्रीनवर नुसतं ‘७१%’ कधीही लिहू नका. ‘७१%, रात्री ११:४० ला वाचलेला’ असं लिहा. नोंद अर्ध्या तासापेक्षा जुनी झाली की रंग काढून टाका, करडा करा. लाल तर अजिबात नको.

हाच बदल आम्ही त्या ऑफिसला लेखी मागितला होता. स्क्रीन त्यांच्या आयटीवाल्यांची, आमच्याकडे फक्त डेटा. मेल केले, उत्तर नाही. गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. शेवटी एक जण बाहेर आला आणि म्हणाला, “सिस्टीममध्ये जे दिसतंय तेच आम्ही धरणार.” सिस्टीम म्हणजे देववाणी, आणि तिला आकडे देणारं ॲप ज्याने लिहिलं तो समोर उभा राहून सांगतोय की बाबा, हा आकडा शिळा आहे, तर त्याचं ऐकायचं नाही. पुढे ड्रायव्हरांनी ॲप काढून टाकायचा सपाटा लावला, त्याचंही खापर आमच्यावर, आणि बिल ‘ॲपची कामगिरी असमाधानकारक’ या शेऱ्याखाली अडकलं. ते अजून अडकलेलंच आहे. असो. रक्तदाब वाढतो.

यातून निघालेला सल्ला. मी वकील नाही, त्यामुळे शब्द वकिलाकडून नीट करून घ्या. पण करारात एक ओळ घालाच की बॅटरीची माहिती गाडीशी संपर्क राहावा यासाठी आहे, ड्रायव्हरची कपात ठरवण्यासाठी नाही. आणि स्क्रीन स्वतः बनवून द्या, पैसे कमी मिळाले तरी. नुसता कच्चा डेटा देऊन मोकळं व्हायचं नाही.

दर मिनिटाच्या मागणीला सरळ नाही म्हणा. वर्कमॅनेजरचं (अँड्रॉइडवर मागे चालणारी कामं लावून देणारी लायब्ररी) ठरावीक अंतराने चालणारं काम १५ मिनिटांच्या आत लावताच येत नाही, हे दाखवायला बरं पडतं. तुम्ही लोकेशनसाठी फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत सतत चालणारा ॲपचा भाग) चालवत असणारच. लोकेशन पाठवताना त्याच पाकिटात बॅटरी टाका, तिच्यासाठी फोनला वेगळं उठवू नका. टक्का मोजण्यासाठी मिनिटामिनिटाला फोनचा नेटवर्कचा रेडिओ जागा केलात तर तो टक्का तुम्हीच खाताय. फोन लो झाल्यावर जड कामं, म्हणजे फोटो अपलोड वगैरे थांबवायची असतील तर वर्कमॅनेजरला ‘बॅटरी लो नसताना’ ही अट लावता येते. तिथे स्वतःचा २० टक्क्यांचा हिशेब नको.

ऑफिसकडून आणखी एक प्रश्न हमखास येणार: “१८ टक्के असताना फोन बंद कसा पडला?” टक्का हा टाकीतल्या डिझेलसारखा मोजून येत नाही, अंदाज असतो. फोनमधली चिप आतबाहेर जाणारा करंट आणि व्होल्टेज बघून तो काढते. बॅटरी जुनी झाली किंवा गारठली की जोर पडल्यावर व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन झोपतो. निफाडचा पारा दर थंडीत बातम्यांत येतोच. त्या पहाटे बागेत लोडिंगला उभ्या असलेल्या ड्रायव्हरने फ्लॅश लावून चलनाचा फोटो काढला आणि जुना फोन तिथेच बंद पडला, तर त्यात त्याचा गुन्हा काय?

आयफोनवर माझा हात फार बसलेला नाही, ड्रायव्हरांमध्ये लागतही नाही. एवढं माहीत आहे की तिथे बॅटरी मॉनिटरिंग आधी चालू करावं लागतं, नाहीतर उणे १ येतो, आणि लेव्हल ० ते १ मध्ये येते. सिम्युलेटरवर खरा आकडा मिळत नाही, खरा फोन घ्या. वेब पेजमधून वाचायचा विचार असेल तर सोडा. क्रोममध्ये जमतं, सफारीत नाही, आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत ती सोय वेबसाइटींसाठी काढून टाकली, कारण बॅटरीच्या आकड्यांवरून माणसाचा माग काढता येतो अशी भीती होती. अँड्रॉइडवर टक्का वाचायला परवानगी लागत नाही, तरी ड्रायव्हरला मराठीत एका वाक्यात सांगा की आपण तो वाचतो आणि कुणाला दाखवतो. आमच्याकडे ते कुणी सांगितलं नव्हतं, अर्ध्या रागाचं कारण तेच होतं.

टेस्टिंगला फोन उतरायची वाट बघू नका. एडीबी शेलमध्ये (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायची सोय) डमसिस बॅटरीला अनप्लग द्या, मग सेट लेव्हल ७. फोनला खरंच वाटतं की ७ टक्के राहिलेत. स्टेटस ४ करून नॉट चार्जिंगची केसही बघून घ्या, ती कुणी बघत नाही. काम झालं की रीसेट द्यायचं, नाहीतर तो फोन तसाच ७ वर अडकून राहतो आणि दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवाला पोरगा नवीन चार्जर आणायला मेनरोडला निघतो.

हँडसेटची नावं आणि अँड्रॉइडची आवृत्ती टाका इथे, ७१ वाल्यांची. बघून सांगतो.