अमेरिकेतल्या काही राज्यांत सतरा वर्षांची मुलंही मत देतात. महाराष्ट्रानं असा कायदा करावा का? एवढ्या वयात समज असते का?

समज असते का, हे विचारणाऱ्यांना मी उलटं विचारते, तुमच्या घरातल्या पन्नाशीच्या माणसांना आहे का?

मी इलिनॉयमध्ये राहते, शिकागोजवळ. इथला कायदा २०१३ साली झाला, १ जानेवारी २०१४ पासून लागू. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील, तर त्याआधीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, सतराव्या वर्षीही मत देता येतं. मुद्दा साधा आहे. नोव्हेंबरात ज्यांच्यातून निवडायचं, ते ठरवताना या मुलांना बाहेर का ठेवायचं?

आता माझं ऐका. १९८९ साली घटनादुरुस्ती होऊन मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. तेव्हा आम्ही मिरजेत. मतदार यादीसाठी शाळेतले एक मास्तर घरी आले. दादा वीस वर्षांचा, मी अठरा. म्हणजे एकाच कायद्यानं दोघांनाही मत मिळालं होतं. आण्णांनी दादाचं नाव सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं तर आण्णा म्हणाले, "तिचं र्‍हाऊ दे. दोन वर्षांत लग्न होऊन जाईल, तिकडं घालतील नाव." मास्तरांनी वही मिटली, चहा घेतला आणि गेले. चहा मीच केला होता.

नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. घरात आण्णा, आई, दादा, तिघांच्या बोटाला शाई. दादा तर दोन दिवस बोट वर करूनच फिरत होता. मी त्याच वर्षी कॉलेजात जीएसच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीच्या निवडणुकीला मत दिलं होतं, वर्गावर्गात जाऊन प्रचारही केला होता. देशाचं मत मात्र "तिकडं". तिकडंही कुणी नाव घातलं नाही, तोवर आम्ही अमेरिकेला आलो. आयुष्यातलं पहिलं मत दिलं ते २०१२ साली, इथली नागरिक झाल्यावर. तेव्हा बेचाळिशी आली होती.

म्हणून १५ मार्च २०१६ ला लेकीला सकाळी सहाला उठवून केंद्रावर नेलं, शाळेच्या आधी. सतराची होती. इथे प्रायमरीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सगळ्यांदेखत सांगावं लागतं. टेबलावर बसलेल्यांत तिच्याच शाळेतला एक मुलगा होता. अकरावी-बारावीतल्या मुलांना इथे केंद्रावर काम करता येतं, चांगले मार्क आणि मुख्याध्यापकांची, पालकांची परवानगी लागते. त्यानं विचारलं, कुठली मतपत्रिका? नवऱ्यानं एक पक्ष सांगितला, तिनं दुसरा. कोणी कोणता ते सांगत नाही, घरात अजून शांतता आहे. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "हिला काय कळतंय?" मी म्हटलं, तुम्हाला विचारून दिलं असतं तर कळलं असतं, नाही का?

समजेचा प्रश्न मला तरी इथेच संपलेला दिसतो. मत आपल्यासारखं दिलं की समज असते.

तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. महाराष्ट्राला असं करता येणार नाही. लोकसभा-विधानसभेसाठी अठरा वर्षं घटनेच्या कलम ३२६ मध्येच आहेत, आणि महापालिका-झेडपीला विधानसभेचीच यादी वापरतात. प्रायमरी आपल्याकडे नाहीच, उमेदवार वरून येतो. राज्याच्या हातात होतं ते कॉलेज. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर आमच्यासारख्या खुल्या निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यानं कागदावर परत आणल्या. तुमच्या कॉलेजात होतात का ते तुम्हीच बघा.

हां, एक सांगायचं राहिलं. इथली ही सवलत फक्त नागरिकांना. मूल ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असेल, तर लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या रकान्यावर चुकूनही खूण करू देऊ नका. पुढे नागरिकत्वाच्या वेळी महागात पडतं.

आणि भारतात असाल, तर नव्या कायद्याची वाट कशाला बघताय? सतरा पूर्ण झाले की फॉर्म ६, म्हणजे मतदार यादीत नाव घालायचा अर्ज, आगाऊ भरता येतो. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसले की वर्ष गेलं, आता २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. फक्त घरच्यांनी भरायची वाट बघू नका. विशेषतः मुलींनी.

दादाची धाकटी सतराची झाली. मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, तर दादा म्हणाला, "बारावीचं वर्ष आहे तिचं, नंतर बघू." मी तिलाच मेसेज केला. तिनं रात्री मोबाईलवरून भरून टाकला. दादा हे वाचत असशील तर, अर्ज गेलाय.