घरची मराठी बंद करून किंडरात जीव रमत नसतो

पत्र मेलबर्नहून आलंय, पाठवणारी बेळगावजवळच्या खानापूरकडची. नाव छापू नका म्हणालीय. पण "मावशी, मी लई घाबरलोय" हे वाचलं आणि तिनं गाव सांगायच्या आधीच मी ओळखलं. बाईमाणूस 'घाबरलोय' म्हणाली की ती आपल्याच भागातली. पुण्याच्या मैत्रिणींनी हसून हसून माझं सुधारलं. तुझं राहू दे.

तर बाळा, तू लिहितेस: "मुलगा साडेतीन वर्षांचा. घरी दिवसभर टकळी चालू, पण किंडरात, म्हणजे इथल्या बालवाडीत, चार महिने झाले तोंड उघडत नाही. एकटाच कोपऱ्यात गाड्यांची रांग लावत बसतो. बाई म्हणाल्या, फार शांत आहे. तेव्हापासून आमच्या ह्यांनी ठरवलंय, सोमवारपासून घरात मराठी बंद."

पत्र दोनदा वाचलं. मराठी बंद करा असं बाई कुठंच म्हणालेल्या नाहीत. हे खूळ तुमच्या घरातलंच. आणि त्याच पत्रात खाली लिहितेस की सासरे दर वर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीत जातात. म्हणजे आजोबांनी तिकडं बेळगावात मराठीसाठी दंडाला काळी फीत बांधून चालायचं आणि नातवाला इकडं 'पाणी दे' म्हणायची बंदी! आमच्या जावयांना एवढं एकदा मोठ्यानं वाचून दाखव.

नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच पोरं गप्प होतात. काही आठवडे, कधी महिनेही. आत साठवण चाललेली असते. घरी टकळी चालू आहे ना, मग निम्मी काळजी इथंच सोड. घरीही बोलणं कमी झालं किंवा हाकेला वळेनासा झाला तर मात्र कान तपासून घे, आणि अजून दोन-तीन महिन्यांत किंडरात काहीच हललं नाही तर स्पीच थेरपिस्टला दाखव. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझंच सांगते. आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागांच्या गल्लीत. घराजवळची बालवाडी कन्नड, म्हणून तिथंच घातलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला शू लागली. कन्नडात काय म्हणतात ठाऊक नाही, मराठीत सांगितलं ते अक्कोरूंना, म्हणजे तिथल्या बाईंना, कळलं नाही. त्या म्हणाल्या, "कूडु." एवढं कळत होतं, बस म्हणजे. बसले. बसल्या जागी फ्रॉक भिजला, ओघळ चटईवरून पुढच्या पोरीच्या परकरापर्यंत गेला आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी उंबरा सोडेना.

तर संध्याकाळी बालवाडीतल्या आयाबाई आमच्या घरी आल्या. स्वतःच्या घरात कन्नडच बोलणारी बाई. आज्जीपुढं फतकल मारून बसल्या आणि शब्द पाठ करून गेल्या: शू, शी, पाणी, भूक, दुखतंय, आई येणार. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या कानाशी वाकून विचारलं, "शू आलं काय?" ते चुकीचं 'आलं' मला अजून ऐकू येतं. त्या दिवसापासून मी रडले नाही. पुढं मी "नीर बेकु", पाणी पाहिजे, म्हणायला लागले आणि शेजारची कन्नड पोरगी पाणी मागताना मुद्दाम 'पाणी' म्हणायची, मला हसवायला.

तुला हेच करायचंय. दहा शब्दांची यादी कर, इंग्रजी अक्षरांत लिही, फोनवर तुझ्या आवाजात भरून बाईंना दे. संकोच करू नकोस. तिथं २००९ साली बालवाड्यांसाठी राष्ट्रीय आराखडा आला, त्याच्या नावातला पहिलाच शब्द 'बिलाँगिंग', म्हणजे इथलं आपलं वाटणं. मुलाला घरची भाषा चालू ठेवायचा हक्क आहे आणि सोबत इंग्रजीही यायला हवी, असं दोन्ही त्यात मांडलंय. बाईंना हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. घरून मराठी एक गाणं येऊ दे, तुला जमलं तर एक दिवस वर्गात बसून तूच शिकव.

आणि जरा हिशेब कर. किंडर आठवड्याला पंधरा तास, तूच लिहिलंस. पोरगं दिवसाला बारा तास जागं धरलं तर चौऱ्याऐंशी. उरलेल्या एकोणसत्तर तासांत टीव्ही, बाग, शेजारची पोरं हे सगळं आहेच. इंग्रजी येणार, ती कुणाच्या बापाला थांबत नाही. जाते ती मराठी.

ही चूक मी केलीय, म्हणून जीव तोडून सांगते. टोरांटोत लेक तीन वर्षांची असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही घरात इंग्रजी सुरू केलं. आमचं ते इंग्रजी, त्यात लाड कसे करायचे हेसुद्धा येत नव्हतं. माझी आई शेवटच्या आजारात असताना लेकीनं फोन केला. आईनं विचारलं, "कधी येतीस गं?" लेक म्हणाली, "हो आज्जी." आईनं पुन्हा विचारलं. ती पुन्हा "हो" म्हणाली आणि माझ्याकडं बघायला लागली.

बाकीचं पटकन. डबा परत येतोय तर येऊ दे, घरी आल्यावर खातो ना. शेंगदाण्याची चटणी मात्र डब्यात घालू नकोस, ॲलर्जीच्या धास्तीनं तिथं बहुतेक ठिकाणी चालत नाही. टोपीवरून भांडू नकोस, टोपी नाही तर अंगणात खेळणं नाही हा नियम उन्हासाठीच आहे. सासूबाईंच्या रोजच्या व्हिडिओ कॉलचं जे गाऱ्हाणं घातलंयस, ते मी ऐकलंच नाही. तो कॉल चालू ठेव.

यादी झाली की मला धाड. 'शू' सगळ्यात वर लिही.