सामान्य माणूस जग चांगलं करायला काय करू शकतो? माझ्याकडे पैसा नाही, ओळखी नाहीत.

पैसा नाही, ओळखी नाहीत असं लिहिलंय तुम्ही, म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. झाडं लावा, प्लास्टिक टाळा हे बाकीचे सांगतीलच. मी एकच सांगतो, रक्त द्या. आणि कधी द्यायचं ते नीट ऐका, सगळा घोळ तिथंच होतो.

माझ्या बहिणीच्या पोराला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे जन्मजात आजार, अंगात पुरेसं रक्तच तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि ग्रुप बी निगेटिव्ह. आपल्याकडं निगेटिव्हवाले शंभरात पाचच्या आसपास. त्यात सोलापूरचा मे महिना, पारा ४३ च्या वर, कॉलेजं बंद, माणसं लग्नाला नायतर गावाकडं, शिबिर तर कुठंच नाही. अशाच एका मेमध्ये पोराचं हिमोग्लोबिन सहावर आलं, जिना चढला की धाप लागायची, आणि रक्तपेढीवाले म्हणाले पिशवी नाही, डोनर आणा. या पोरांना बदली डोनर न मागता रक्त द्यायचं असतं, मी भांडलो पण, पण फ्रिजमध्ये पिशवीच नसेल तर नियम दाखवून काय उपयोग.

मग अण्णांना फोन लावला. माझे चुलतभाऊ, मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी मार्चमध्ये एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर घेतात, मांडव, स्पीकर, प्रत्येकाला बॅग नायतर हेल्मेट, आणि भाषणात डॉ. कोटणीस ठरलेले. कोटणीसांबद्दल मला आदरच आहे, १९१० ला इथं सोलापुरात जन्मले, १९३८ ला चीनला गेले, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत १९४२ ला तिथंच गेले, वय फक्त ३२. पण अण्णा फोनवर काय म्हणाले, अरे आपण मार्चमध्ये एवढं रक्त दिलं की! अहो, लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ दिवस. मार्चच्या सुरुवातीचं रक्त एप्रिलच्या मध्यालाच बाद. वर ज्या पुरुषानं मार्चमध्ये दिलं त्याला ३ महिने परत देता येत नाही, म्हणजे ऐन मेमध्ये गावातले देणारेच संपलेले. बी निगेटिव्ह कोण कोण होतं ते तरी सांगा म्हणलं तर यादीच नाही, फोटो आहेत.

शेवटी बहिणीच्या शेजारणीनं एक माणूस शोधून दिला. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, टॉवेलच्या कारखान्यात, घरी तेलुगू बोलणारा. पीसवर मजुरी, म्हणजे माग जेवढा वेळ बंद तेवढे पैसे गेले. भर उन्हात सायकलवर आला. म्हणाला मी शिबिरात जातच नाही, मेमध्ये आणि दिवाळीनंतर देतो, तेव्हा कोण नसतंय की ओ. मागची तारीख पाकिटात कार्डावर लिहिलेली. बुडालेली मजुरी म्हणून पैसे पुढं केले तर हात मागं घेतला, रक्ताचे पैसे घेणं १९९८ पासून बंदच आहे म्हणा, पण चहाला सुद्धा थांबला नाही. रक्त काढलं की लगेच चढवत नाहीत, एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या होतात, त्यामुळं पोराला पिशवी लागायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी पोरगं जिन्यावर पळत होतं. त्या माणसाकडं कसला पैसा आणि कसली ओळख होती सांगा?

अण्णांचं म्हणणं, आम्ही एका दिवसात शेकडो पिशव्या गोळा करतो, तू एका पिशवीचं काय घेऊन बसलास. मी म्हणतो, वर्षाचा सगळा पाऊस एका रात्रीत पडला तर मंगळवेढ्याची ज्वारी येईल का?

तर तुम्ही एकटे जा, साध्या वारी, सरळ रक्तपेढीत, आणि नाव-नंबर देऊन या की कमी पडलं तर बोलवा. निगेटिव्ह असाल तर शिबिरात देऊच नका, फोनची वाट बघा, हे माझं ठाम मत आहे.

हां, सगळ्यांना देता येत नाही हेही खरं. वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे, बाईला दोनदा देण्यात ४ महिने अंतर, इन्सुलिन चालू असेल तर नाही, नवीन टॅटू असेल तर वर्षभर थांबा. इकडं विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिनच बसत नाही, त्यात त्यांनी लाजायचं काही कारण नाही. आणि घरात लग्न ठरत असेल तर पत्रिकेच्या आधी दोघांची थॅलेसेमियाची टेस्ट करा, दोघंही मायनर निघाले, म्हणजे स्वतःला फारसा त्रास नाही पण दोष अंगात आहे असे, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो मेजरचा.

अण्णांशी वाद अजून चालूच आहे. शिबिर बंद करा असं मी कधीच म्हणलो नाही. मार्चमध्ये निगेटिव्हवाल्यांची फक्त नावं लिहून घ्या आणि मेमध्ये एकेकाला बोलवा, एवढंच. ते म्हणतात मांडवाशिवाय माणसं येत नाहीत. तुमच्या गल्लीत वीस-पंचवीस जणांची अशी यादी करून बघा, आणि उन्हाळ्यात फोन केल्यावर कितीजण आले ते इथं लिहा, मला अण्णांना दाखवायचंय.