पाया, शोषखड्डा, वाफा: माती किती खोलीवरची बघायची?

प्रश्न : प्लॉटवर काळी माती आहे. बांधकामाआधी माती तपासा असे सगळे सांगतात. घरी काय कळू शकते आणि प्रयोगशाळेकडे नेमके काय मागायचे?

उत्तर : वरची माती बघून पाया ठरवू नका. पायाला काम पडते ते खालच्या थराशी, आणि तो वरच्यापेक्षा अगदी वेगळा असू शकतो. घर येणार तिथे, पण प्रत्यक्ष पायाची जागा सोडून, दोन-तीन ठिकाणी २ मीटरपर्यंत खड्डे घ्या. रंग किंवा पोत जिथे बदलतो ती खोली लिहून ठेवा. प्रत्येक थरातली किलोभर माती वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर खोली लिहा. कमरेपेक्षा खोल खड्ड्यात कडांना आधार दिल्याशिवाय कुणीही उतरू नये. ओली चिकणमाती आवाज न करता ढासळते.

घरी बरणीची चाचणी करता येते. सरळ कडांच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश चाळलेली माती घ्या. तिच्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर टाका, बरणी पाण्याने जवळजवळ भरा आणि दहा मिनिटे जोरात हलवून ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसते ती वाळू. पुढच्या दोन तासांत तिच्यावर पोयटा बसतो. उरलेली चिकणमाती खाली यायला एक-दोन दिवस लागतात. पट्टीने थर मोजले की ढोबळ प्रमाण मिळते.

मात्र यातून मातीचा स्वभाव कळत नाही. चिकणमातीचे प्रमाण सारखेच असलेल्या दोन मातींपैकी एक पावसात जागची हलत नाही आणि दुसरी घर उचलते. फरक असतो खनिजाचा. केओलिनाइट फारसे फुगत नाही. मॉन्टमोरिलोनाइट आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरू देते आणि फुगते. म्हणून प्रयोगशाळेकडे ‘फ्री स्वेल इंडेक्स’ आवर्जून मागा. या चाचणीत ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १०-१० ग्रॅम कोरडी माती दोन नळ्यांत घेतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी रॉकेलमधली माती १२ मिली आणि पाण्यातली २१ मिली भरली, तर फुगवटा ७५ टक्के. ५० टक्क्यांच्या वरची माती अतिशय फुगणारी समजा.

अशा जमिनीत भिंतींना तिरप्या भेगा पडतात, कारण घराखालची माती सगळीकडे सारखी फुगत नाही. मधली ओल टिकून राहते, कडेची माती मात्र उन्हाने आकसते आणि पावसात परत वर येते. म्हणून पाया ऋतूप्रमाणे ओल बदलणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. तो थर जाड असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाशी फुगीर केलेले जमिनीतले खांब घेतात. प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या तुळईच्या) खाली ८० मिमी मोकळी जागा ठेवा, म्हणजे फुगणारी माती बीमला ढकलणार नाही. भरावासाठी तीच काळी माती वापरू नका, मुरूम आणा. छपराचे पाणी पायापाशी पडू देऊ नका.

प्रश्न : शेजारच्या प्लॉटवर दीड मीटरचा शोषखड्डा पुरेसा ठरला. आम्हीही तेवढाच घ्यावा का?

उत्तर : नाही. आधी पाझर मोजा. जिथे पाणी जिरवायचे त्या खोलीपर्यंत ३० सेंमी रुंदीचे भोक घ्या. फावड्याने चोपल्या गेलेल्या कडा खिळ्याने खरवडा, नाहीतर बुजलेली छिद्रे आकडा खोटा ठरवतील. तळाशी ५ सेंमी खडी घाला, तिच्यावर ३० सेंमी पाणी भरून रात्रभर मुरू द्या. ही पायरी गाळली की उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीत पाणी भराभर उतरते आणि सगळे खूश होतात. माती भिजून फुगली की त्याच भेगा मिटतात.

दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंमी पाणी ठेवा. दर अर्ध्या तासाला किती उतरले ते मोजा आणि पुन्हा १५ वर आणा. असे चार तास करा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरा. पातळी २५ मिमी उतरायला किती मिनिटे लागली, ते काढा. ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० असेल तर पसरट चर घ्यावे लागतात. ६० च्या पुढे असेल तर जमिनीत जिरवण्याचा विचार सोडा.

आता आकार. २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागा; एक चौरस मीटर भिंत दिवसाला किती लिटर पिईल ते मिळते. २५ मिनिटे असतील तर सुमारे ४१ लिटर. रोज ५०० लिटर सांडपाणी येत असेल तर १२ चौरस मीटरहून थोडी जास्त भिंत लागेल, म्हणजे २ मीटर व्यासाचा, पाइपाच्या खाली सुमारे २ मीटर खोल खड्डा. तळ हिशेबात धरू नका, तो लवकर गाळाने बुजतो. पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर अंतर ठेवा. स्थानिक नियम जास्त सांगत असेल तर तोच पाळा. पावसाळ्यातली भूजलपातळी तळापासून निदान २ मीटर खाली हवी. अगदी भरड वाळूत पाणी झटकन जाते खरे, पण गाळले न जाताच विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

प्रश्न : पाया खणताना निघालेली माती बागेत पसरली. तेव्हापासून झाडे पिवळी पडताहेत. वाळू मिसळू का?

उत्तर : वाळू नकोच. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट बसते. तुम्ही खालची मृत माती वर आणली आहे; ती २०-३० सेंमीपेक्षा पातळ असेल तर सरळ काढून टाका. ते शक्य नसेल तर ५ ते ८ सेंमी कुजलेले खत वरच्या १५-२० सेंमीत मिसळा. मूठभर माती दाबून झालेला गोळा बोटाच्या टोचणीने फुटतो, तेवढीच ओल असताना हे करा.

ढेकळावर व्हिनेगर टाका. फेस आला तर माती चुनखडीची आहे. तिथे कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, कारण मुळांना लोह मिळत नाही. फेरस सल्फेट अशा मातीत लवकर निकामी होते, ईडीडीएचए या रसायनात बांधलेले लोह टिकते. जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची कमतरता आहे.

जिप्सम आधीच घालू नका. कोरडे ढेकूळ पावसाच्या पाण्यात ठेवा. ते सुटून पडले पण पाणी स्वच्छ राहिले, तर जिप्समचा उपयोग नाही. ढेकळाभोवती दुधाळ वलय दिसले तर मातीत सोडियम जास्त आहे. मग जिप्सम घाला, पण निचऱ्याची वाट आधी करा, कारण सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून गेले तरच माती सुधारते.