अक्कलदाढेच्या ऑपरेशनआधी अर्धा कप चहा चालेल का?

प्रश्न : आईची (वय ५८) खालची अक्कलदाढ आडवी अडकलीय, पुढच्या आठवड्यात सकाळी १० ला काढणार आहेत. ती फार घाबरते म्हणून शिरेतून सेडेशन (गुंगीचं औषध) देणारेत आणि उपाशीपोटी या म्हटलंय. आई म्हणते अर्धा कप चहाने काय होतंय, त्याशिवाय बीपीची गोळी कशी घेऊ? तिला शुगर पण आहे. अ‍ॅस्पिरिन चालू आहे, रक्त जास्त जाईल म्हणून ती बंद करू का? - एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी चहाचं. दुधाचा चहा अर्धा कपही नाही. दूध पोटात जाऊन घट्ट होतं, म्हणून भूलतज्ज्ञ ते जेवणातच धरतात आणि ६ तासांचं अंतर मागतात, तळलेलं-तेलकट खाल्लं असेल तर ८. साधं पाणी बहुतेक ठिकाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला जी वेळ सांगितलीय तीच पाळा. एवढं कडक कशासाठी, तर गुंगीत ठसका लागून घसा मोकळा करायची ताकद मंदावते, पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात उतरू शकतं. चुकून प्यायल्याच तर लपवू नका हो, फार तर वेळ पुढे ढकलतील. नुसतं हिरडीत इंजेक्शन देऊन काढायची असती तर उलट खाऊन या म्हणाले असते, त्यामुळे शेजारपाजारचे अनुभव इथे लावू नका.

बीपीच्या बऱ्याच गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, काही त्या सकाळी टाळायला सांगतात, तेव्हा नाव दाखवून विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीसारखं घेतलं तर शुगर एकदम उतरू शकते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर ती साधारण ३ दिवस आधीच थांबवायला सांगतात, म्हणून फोन आजच करा. अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने अजिबात बंद करू नका, दाढेचं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं, हृदयात गुठळी झाली तर ते निस्तरणं फार अवघड.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढे-चूर्णं धरून, पिशवीत घालून न्या. घोरणं, दमा, हलणारा दात, कवळी सगळं सांगा. मिश्रीचं सांगायला बायका लाजतात, तेही सांगायचं. नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात तो त्याने चुकू शकतो.

परत येताना तुम्ही सोबत असायलाच हवं, आणि पुढचे २४ तास त्यांना स्कूटर, गॅसची शेगडी आणि कुठल्याही कागदावर सही, तिन्हीपासून लांब ठेवा.