वापरलेला जुना लॅपटॉप तापून मध्येच बंद पडतो. तो टिकावा म्हणून काय करावे?

सात-आठ वर्षांचा वापरलेला लॅपटॉप तुम्ही नुकताच घेतला आहे, व्हिडिओ कॉल सुरू झाला की त्याचा पंखा घोंघावू लागतो आणि वीसेक मिनिटांत कोणतीही सूचना न देता तो बंद पडतो, असे तुम्ही लिहिले आहे. मी बरीच वर्षे जुनेच लॅपटॉप वापरत आले आहे आणि त्यांची साफसफाईही घरीच करते, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देते.

काहीही उघडण्याआधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या आणि मग तापमान मोजा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरेसा आहे. कामाच्या भारात प्रोसेसर ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणे लॅपटॉपमध्ये नवलाचे नाही. परंतु आकडा ९५ ते १०० च्या घरात गेला की बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपणहून कमी करतात, आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होते. उलट, तापमान ७० अंशांवर असतानाच लॅपटॉप बंद पडत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत, चार्जरमध्ये किंवा मदरबोर्डवर आहे, आणि तिथे साफसफाईचा उपयोग होणार नाही. ही मोजणी न करताच पैसे खर्च करणारे बरेच लोक मी पाहिले आहेत, म्हणून तिच्यावर इतका भर देते आहे.

तापमान खरोखरच चढत असेल, तर पहिला संशय धुळीवर घ्यावा. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पत्र्या यांच्या मधल्या फटीत धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू दाबून बसतात आणि त्यांचा राखाडी, नमद्यासारखा जाड पापुद्रा तयार होतो. बाहेरच्या जाळीतून पाहिले तर तो दिसत नाही, आणि बाहेरून हवा मारली तर पुष्कळदा तो आतच सरकून बसतो. माझ्या एका लॅपटॉपमधून हा पापुद्रा चिमट्याने अखंड निघाला, तेव्हा हवेची वाट जवळजवळ पूर्ण बुजली होती हे मला कळले. त्यामुळे मागचे झाकण काढूनच सफाई करावी. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आतल्या बॅटरीची जोडणी आधी सोडवावी. हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, कारण बेफाम वेगाने फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. पंखा साफ झाल्यावरही खरखरत असेल, तर तो बदलावा.

एवढ्या वर्षांत प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्टही (उष्णता एकातून दुसऱ्यात नेणारा लेपही) बहुधा वाळून खडूसारखी झालेली असते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुतेक वेळा आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट क्रमाने आणि बसवताना त्याच क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळत जावे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी अगदी थोडी लावावी. जिथे पेस्टऐवजी मऊ थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या चकत्या) आहेत तिथे पेस्ट भरू नये, तेवढ्याच जाडीचे पॅड लावावेत. याचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

बॅटरीची गोष्ट मात्र वेगळी आणि अधिक गंभीर आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळ सपाट टेकत नसेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून लॅपटॉप वापरणे लगेच थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये आणि कचऱ्यात टाकू नये. बॅटरी चांगली असून लॅपटॉप कायम चार्जरलाच जोडलेला राहणार असेल, तर सेटिंगमध्ये सोय असल्यास चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी, कारण उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की लिथियम बॅटरी लवकर झिजते.

रोजच्या वापरात लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, कारण हवा आत घेण्याची जाळी बहुतेक लॅपटॉपमध्ये तळाशीच असते. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी फरक पडतो. पंखे असलेल्या कूलिंग पॅडवर पैसे घालण्याआधी मी एवढेच करून पाहीन. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केल्यास बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो वेग (प्रोसेसरने गरजेपुरता घेतलेला जादा वेग) बंद होतो, काम किंचित मंदावते आणि तापमान बऱ्यापैकी उतरते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवावी. फिरती डिस्क उष्णता आणि धक्के दोन्ही कमी सोसते.

सफाईनंतर तोच व्हिडिओ कॉल तितकाच वेळ चालवून आकडा पुन्हा पाहा. माझ्या लॅपटॉपमध्ये तो ९६ वरून ७८ वर आला होता. तुमच्याकडे दोन-चार अंशांचाच फरक दिसला, तर हीटसिंक नीट टेकलेला नाही असे समजून स्क्रू पुन्हा एकदा तपासा.